तिच्यावाचून चालावं म्हणून

फोन शिंदेकाकांचा होता, शिरोलीच्या ऑफिसातून. मी स्टँडवर बिद्रीच्या गाडीची वाट बघत उभी होते. काकांनी आधी विचारलं, "जेवलीस काय?" मी हो म्हटलं. मग म्हणाले, "सुजाता गेली गं. सकाळी. तापाचं निमित्त झालं. मलकापूरलाच हाईत समदी, दुपारी नेणार." फोन ठेवता ठेवता काका खालच्या आवाजात म्हणाले, "आणि आता वेबसाइटचं काय करायचं गं?"

त्या क्षणी मला काकांचा राग आला. माणूस गेलंय आणि ह्यांना साइटचं पडलंय! बिद्रीची गाडी समोर लागली होती. मी मलकापूरच्या गाडीत जाऊन बसले. खिडकीतून उसाची शेतं मागं जात होती, आणि बांबवडे ओलांडल्यावर कधीतरी माझ्या लक्षात आलं की काकांनी विचारलेला प्रश्न हा सुजाताताईचाच प्रश्न होता. आपण नसलो तर ह्याचं काय होईल, हे तिनं जितकं मन लावून ठरवलं होतं तितकं मी दुसऱ्या कुणाला कशासाठी ठरवताना पाहिलेलं नाही. या गोष्टीला आता काही आठवडे झाले. तिच्याबद्दल लिहावं असं वाटतंय. जमेल की नाही, माहीत नाही.

सुजाता कांबळे ही शिरोली एमआयडीसीतल्या लहान फौंड्रीवाल्यांच्या संघात संगणकाचं काम बघायची. नोकरी वर्षाच्या कराराची. तिचे वडील तिथल्याच एका फौंड्रीत कोअर बनवायचे. लोखंडाच्या ओतकामात आत पोकळी राहावी म्हणून साच्यात वाळूचा जो गाभा बसवतात, तो कोअर. मलकापुरातल्या त्यांच्या बौद्ध वस्तीत संगणकाचं शिक्षण घेतलेली ती पहिलीच मुलगी. मी तिला भेटले ती कॉलेजच्या शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नव्हतं, त्यामुळे प्रोजेक्ट कुठं मागायचा असतो, मागताना काय बोलायचं असतं, यातलं मला काही ठाऊक नव्हतं. वर्गातली मुलं काकांच्या, मामांच्या ओळखीनं पुण्याच्या कंपन्यांत गेली. मी शिरोलीच्या बसमध्ये बसले आणि ज्या पाटीवर 'कार्यालय' लिहिलेलं दिसलं तिथं शिरले. आत जळक्या वाळूचा वास होता. मी पाठ करून आणलेलं इंग्रजी वाक्य म्हटलं. तिनं ते पूर्ण ऐकून घेतलं आणि विचारलं, "गाव कुठलं तुझं?" मी सांगितलं. "मग मराठीत सांग की. मला बी घाम फुटायला लागलाय."

संघाची वेबसाइट तेव्हा तिनं हातानं बांधलेली होती. कुठल्या फौंड्रीत काय ओततात, किती वजनापर्यंतचं ओततात, फोन कुठला, अशी एकेका कारखान्याची माहिती एकेका पानावर. परगावचे कारखानदार ती बघून चौकशी करायचे. पण कुणाचा फोन नंबर बदलला तरी ते पान तिलाच उघडावं लागे, आत शिरून, कोडच्या खुणांच्या जंगलातून ती ओळ शोधून. बहिणीच्या लग्नाला ती रजेवर गेली आणि नेमकं त्याच वेळी एका फौंड्रीचा फोन बदलला. ती परत येईपर्यंत येणारे सगळे फोन जुना नंबर मिळालेल्या एका किराणा दुकानात जात राहिले. दुकानदार शेवटी वैतागून म्हणाला म्हणे, "अहो, माझ्याकडं तूरडाळ हाय, कास्टिंग न्हाय!" ऑफिसात सगळे हसले. ती हसली नाही. तिनं ठरवलं, हे बदलायचं.

तिला हवी होती कन्टेन्ट मॅनेजमेंट सिस्टीम. म्हणजे साइटवरचा मजकूर ऑफिसातल्या कुणालाही बदलता यावा अशी तयार चौकट. त्यातही ओपन सोर्स, ज्याची आतली रचना उघडी असते; कुणीही ती बघावी, बदलावी, उचलून दुसरीकडे न्यावी. नेटकॅफेतून आम्ही अशा तीन-चार प्रणाल्या सीडीवर उतरवून आणल्या आणि ऑफिसातल्या जुन्या संगणकावर एकेक करून लावल्या. मला वाटलं होतं, आता आपण तांत्रिक तुलना करायची. कॉलेजात तसंच शिकवलं होतं. तिची रीत वेगळी होती. ती शिंदेकाकांना बोलवायची. काका संघाचे क्लार्क, पन्नाशीचे, टायपिंग पक्कं पण माऊसला हात लावताना तो पळून जाईल अशा बेतानं धरायचे. ती त्यांना खुर्चीत बसवायची, सांगायची, "उद्याच्या मीटिंगची सूचना टाका," आणि स्वतःचे दोन्ही हात मांड्यांखाली दाबून शेजारी बसायची. एक शब्द बोलायची नाही. मलाही बोलू द्यायची नाही.

पहिल्याच दिवशी काका पासवर्डवर अडले. "मी अक्षर मारतोय आणि इथं नुसतं तारंच दिसायलेत. ज्योतिषी हाय व्हय मी?" एका प्रणालीत इतके कप्पे होते की काका सूचना टाकून बसले आणि मग ती कुठं गेली हे आम्हा तिघांनाही सापडेना. दुसरी सोपी होती, काका तिच्यात लगेच रमले. पण तिला फक्त तारीखवार लिहिणं कळत होतं. फौंड्रीची माहिती तारखेनं थोडीच शोधतात? तिसरीत मराठी नीट बसत होतं, आणि धातू, वजन, यंत्रं असे आपल्याला हवे ते रकाने आपणच तयार करू शकत होतो. ती लावायला आम्हा दोघींना फार त्रास झाला. पण ती वाकवावी तशी वाकत होती. काकांनी तिच्यात सूचना टाकली, ती दिसली, आणि काकांनी वळून ताईकडं नाही, दाराकडं पाहिलं. शिपायानं बघितलं का, म्हणून.

मला मात्र एक गोष्ट खटकत होती. परत जाताना बसथांब्यावर मी धीर करून विचारलं, "ताई, सगळं काकांनाच जमायला लागलं तर तुम्हाला ते पुढच्या वर्षी कशाला ठेवतील?" तिच्या आईनंही तेच विचारलं होतं.

"माझ्या बाबांसारखा पंपाचा कोअर त्या फौंड्रीत कुणालाच जमत नव्हता," ती म्हणाली. "म्हणून त्यांना रजा मिळायची न्हाय. बाबांचा भाऊ वारला तवा मालक म्हणाला, एवढी भट्टी होऊ दे, मग जा. बाबा पोचले तर सगळं आटपलं होतं... आपल्यावाचून चालत न्हाय ह्यात काय मोठेपणा असतो गं? मला तर बघून भीती वाटत्या."

मला तेव्हा हे पटलं नव्हतं. खरं सांगायचं तर अजूनही पूर्ण पटलंय असं मी म्हणू शकत नाही. ज्यांची नोकरी पक्की आहे त्यांनी असं बोलावं. करारावरच्या माणसानं बोलू नये, असं मला वाटतं. पण ती बोलत होती तेव्हा तिच्या आवाजात शिकवण नव्हती. भीतीच होती.

निर्णय संघाच्या बैठकीत व्हायचा होता. समोर पुण्याच्या एका कंपनीचा माणूस होता, टाय लावलेला, स्वतःच्या कंपनीची बंद प्रणाली घेऊन आलेला. दिसायला ती देखणी होती, ताईनंही ते कबूल केलं. अध्यक्ष आण्णा म्हणजे जुने फौंड्रीवाले, तोंडानं फटकळ. ते म्हणाले, "आणि हिची फुकट? फुकट गावतंय म्हणजे कायतरी खोट असणार की."

ताई उभी राहिली. मी शेजारीच बसले होते. "आण्णा, गिऱ्हाईक तुमच्याकडं पॅटर्न ठेवून जातंय. तो पॅटर्न कुणाचा?"

पॅटर्न म्हणजे ज्यावरून वाळूत साचा उठवतात तो नमुना. फौंड्रीच्या मांडणीवर तो वर्षानुवर्षं पडून असतो, पण मालकी गिऱ्हाइकाची. शिरोलीत हे कुणी कुणाला सांगावं लागत नाही.

"कुणाचा म्हणजे? गिऱ्हाइकाचा," आण्णा म्हणाले.

"आणि त्याला तुमचं काम न्हाय पटलं तर?"

"तर काय, उचलंल आणि जाईल दुसरीकडं. आमच्या बापाचं काय जातंय?"

"मग ह्या साहेबांना विचारा, आपला पॅटर्न आपल्याला उचलून नेता येईल का."

पुण्याचा माणूस गोंधळला. पॅटर्न कसला हे त्याला कळेना. कुणीतरी समजावल्यावर तो म्हणाला, हवं तर सगळ्या पानांची छापील प्रत काढून देऊ. मागून एक जण ओरडला, "म्हंजे आम्ही पॅटर्न मागायचा आणि ह्यो फोटू देणार!" हशा पिकला. तो ओसरला तसं मागच्या त्याच माणसानं विचारलं, "आणि बाई, तुमच्याकडनं उचलता येईल का? उद्या तुम्ही नसला तर?"

"येईल," ताई म्हणाली. "त्यासाठीच हे निवडलंय."

आण्णांनी टेबलावर हात ठेवला आणि म्हणाले, "पोरगी म्हणत्या तसं करा."

नवी साइट सुरू झाली आणि उत्तम चालली. पुढच्या वर्षी ताईचा करार वाढवला गेला नाही. कुणी तिच्या वाईटावर नव्हतं. काम होतच होतं, एवढंच. आण्णांनी तिला समोर बसवून चहा पाजला आणि बोलताना एकदाही तिच्याकडं पाहिलं नाही, असं काका सांगतात. ती मलकापूरला परत गेली आणि मुलांना संगणक शिकवायला लागली. मी भेटायला गेले तेव्हा तिनं आनंदाचं सोंग आणलं नाही. "वाईट वाटलं," म्हणाली. "आपणच ठरवलं होतं तरी वाटलं. निदान एकदा तरी बोलवतील, अडलंय म्हणून, असं वाटत होतं..." मग थोड्या वेळानं, "काकांचा फोन येतोय म्हणा."

काकांचा फोन येत असे, पण अडला म्हणून नव्हे. तिच्याशी बोलायला निमित्त म्हणून, असं मला आता वाटतं. एकदा मी तिच्याजवळ होते. "सुजाता, फोटो आडवा आलाय गं." "मान वाकडी करून बघा की काका." "थट्टा करत्यास व्हय म्हाताऱ्याची?" पासवर्ड तिच्याकडं होता. मनात आणलं असतं तर तिनं मलकापुरात बसून फोटो सरळ केला असता. पण ती फोनवर एकेक पायरी सांगत राहिली, काका चुकत राहिले, आणि शेवटी पलीकडून आवाज आला, "झाला! झाला उभा!" तेव्हा फोन ठेवून ती माझ्याकडं बघून इतकी हसली, की करार गेल्यापासून मी तिला तशी हसताना पाहिलं नव्हतं.

मलकापुरात त्या दुपारी बुद्धवंदना झाली. तिचे वडील भिंतीला टेकून बसले होते. त्यांचे हात कोअरच्या तेलानं काळवंडलेले, आता रिकामे...

नंतरच्या आठवड्यात मी शिरोलीला गेले. काकांनी साइटवर तिची श्रद्धांजली स्वतःच टाकली होती. खाली वीज बंदची सूचना, वर वार्षिक सभेची, आणि मधे ती. फोटो सरळ होता. विचारायला कुणी नव्हतं तरी सरळ होता.

आण्णांनी एक काम माझ्यावर सोपवलं होतं. साइटवर तिच्या नावाचा प्रवेश तसाच उघडा होता. गेलेल्या माणसाचा पासवर्ड असा उघडा ठेवू नये, तो काढून टाक. सांगणं बरोबरच होतं. मी वापरणाऱ्यांच्या यादीतलं तिचं नाव निवडलं आणि 'काढून टाका'वर टिचकी मारली. प्रणालीनं विचारलं: या व्यक्तीनं लिहिलेल्या मजकुराचं काय करायचं? नष्ट करायचा, की दुसऱ्या कुणाच्या नावे करायचा?

ज्यांनी ती प्रणाली बांधली त्यांनी हा प्रश्न नोकरी सोडून जाणाऱ्यांसाठी ठेवला असेल. मी काकांना वाचून दाखवला. काका खुर्ची ओढून जवळ आले. यादीत दुसरं नाव त्यांचंच होतं, तिसरं माझं, प्रोजेक्टच्या वेळचं.

"माझ्या नावावर कर म्हणतंय?"

"हो. नाहीतर माझ्या."

"नगं," काका म्हणाले. "मी लिवलेलं न्हाय ते. तूबी न्हाय." जरा थांबून म्हणाले, "राहू दे की तिचं नाव. कुणाला आडवं येतंय?"

मी 'रद्द करा' दाबलं. नाव ठेवून फक्त पासवर्ड बदलायचा, असं ठरलं. काकांनी तोंड खिडकीकडं वळवलं. मी पडद्याकडं न बघता, हाताला लागतील त्या कळा दाबत गेले, मला स्वतःलाही आठवू नये इतका लांब पासवर्ड होईपर्यंत, आणि जतन केलं. आता तिच्या नावानं कुणीच आत जाऊ शकत नाही. मीही नाही. पण फौंड्र्यांची ती सगळी पानं तिच्याच नावावर आहेत, आणि रोज कुणी ना कुणी परगावचा माणूस ती उघडतो.

मी तशीच बसून राहिले होते. काकांनी माझ्या खांद्याला बोट लावलं. "ऊठ आता," ते म्हणाले, "मला सूचना टाकायची हाय."