खळवाले काका

काका आमच्या दारावर जप्तीची नोटीस लावायला आले, तेव्हा त्यांनी आधी चपला काढल्या. आत यायचं नव्हतंच त्यांना, काम दाराच्या बाहेरूनच होतं. तरी उंबऱ्याजवळ चपला नकोत म्हणून त्या जिन्याशी ठेवल्या आणि पिशवीतून स्टीलचा डबा काढला. मला वाटलं, जेवायला बसतात की काय! डब्यात मैद्याची खळ होती, घरी शिजवलेली.

"टेप लावत नाही मी. पॉलिश उखडतं," ते म्हणाले. "हप्ते तुमचे थकले, दाराने काय घोडं मारलंय?"

कर्ज थकलेल्या घरांवर बँकेचा कागद लावायचा, त्याचा फोटो काढायचा आणि मुदत संपली की टाळं ठोकायचं, हा त्यांचा धंदा. डोंबिवलीपासून टिटवाळ्यापर्यंत सगळे त्यांना खळवाले काका म्हणत. फोनवर स्वतःही "खळवाला बोलतोय" असंच सांगायचे, जसं काही उद्या दूध किती हवं ते विचारायचंय.

टिटवाळ्याचं आमचं घर चौथ्या मजल्यावर, एक खोली आणि स्वयंपाकघर. आमचे हे वागळे इस्टेटमध्ये लेथवर होते. वर्कशॉप बंद पडलं आणि हप्ते थांबले. मी संगमेश्वरकडची, आठवीत शाळा सुटलेली. नोटीस मला वाचता आली, समजली नाही. "काका, सांकेतिक ताबा म्हणजे काय हो?"

"म्हणजे घर बँकेच्या हातात गेलं, पण भांडी अजून तुम्हीच घासायची."

मला रडू यायचं ते राहिलंच. फोटो काढताना मात्र म्हणाले, "मालकीणबाई, दार लावून घ्या. फोटोत दार आलं की पुरे. माणसं कशाला?"

शेजारी बघतील म्हणून ह्यांनी दुसऱ्या दिवशी ओल्या फडक्याने कागद पुसून काढला. खळच ती, सुटली लगेच. पुढच्या आठवड्यात काका आले, रिकामं दार बघितलं आणि डबा उघडला. "पुसलात? बरं झालं, जुना जरा तिरका लागला होता." ह्यांची मान वर होईना.

त्या दिवशी चहा पिताना काकांनी घर डोळ्यांनीच मापून घेतलं. "हवा छान आहे हो," म्हणाले. मी घाबरले. जप्तीवाल्याने घराची स्तुती केली की घर गेलंच समजायचं. मग त्यांनी नीट समजावलं. लिलावात बंद घराला भाव येत नाही. घर जातं आणि उरलेलं कर्ज माणसाच्या मागे लागतं, जन्मभर. त्यापेक्षा लिलावाआधी बँकेला विचारून तुम्हीच गिऱ्हाईक आणा. "तोवर मालकीण तुम्हीच. टाळं लावलं तर मला पैसे मिळतात, तुम्ही विकलंत तर नुसता चहा. तेव्हा साखर जरा बेतानं घाला, पुष्कळदा यावं लागेल."

गिऱ्हाइकं यायची आणि दारावरचा कागद बघून जिन्यातूनच परतायची. हे म्हणाले, "काढून टाकू का?" काका म्हणाले, "राहू दे मालक. कागद वाचून जो आत येईल, तोच घेईल."

लिलावाची तारीख पडायला आली होती. मी रोज देवापुढे बसून नुसती दाराची कडी ऐकायची. शेवटी जवळच्या मोहने गावातून एक नवरा-बायको आले. बाईने नोटीस वरपासून खालपर्यंत वाचली, आत आली आणि विचारलं, "पाणी किती वाजता येतं?"

मी ते काकांना फोनवर सांगितलं तर म्हणाले, "पाण्याची वेळ विचारली? मग गेलं तुमचं घर. पेढे आणा."

पण ते लोक देणार होते त्यात कर्ज पुरतं फिटत नव्हतं. बँकेच्या ठाण्याच्या ऑफिसात साहेबांनी विचारलं, "बाकीचं कोण भरणार?" आम्ही दोघं खुर्चीच्या कडेवर. काका उभेच होते. "साहेब, तुम्ही लावायला दिलेली टाळी गंजली, घरं विकली नाहीत. ह्या घरात अजून फोडणी पडते. गिऱ्हाईक वासावर आलंय, थंड होऊ देऊ नका."

साहेब हसले नाहीत. पण बाकी सोडली, आणि तसं लेखी दिलं.

चावी द्यायच्या दिवशी काका कोमट पाणी आणि फडकं घेऊन आले. नोटीस त्यांनी स्वतःच भिजवून काढली, दार कोरडं पुसलं. ओरखडासुद्धा नाही. मी चावी मोहन्याहून आलेल्या बाईच्या हातात ठेवली. काका तिला म्हणाले, "या मालकीणबाई." मग माझ्याकडे वळून, "चला ताई, खालपर्यंत येतो." तेव्हा कुठे मला कळलं, घर गेलं. सामानाची एक पिशवी त्यांनीच उचलली.

आता ह्यांना गुजरातेत साणंदला काम आहे. आम्ही भाड्याच्या खोलीत राहतो. कर्ज नाही, तरी दाराशी पावलं वाजली की माझा हात पदराला जातो. भिंतीवर कॅलेंडर लावायचं तर मी मैदा शिजवते. घरमालकीण म्हणते, टेप क्यों नहीं लगाते?

दिवाळीला काकांना फोन करते. ते डोंबिवलीत अजून भाड्यानेच राहतात. दरवर्षी विचारतात, "घर घेतलंत का ताई?"

"नाही हो काका."

"उत्तम. मग मला यायला नको."

पण कधी घेतलंच, तर पहिलं बोलावणं त्यांनाच. फक्त सांगेन, काका, डबा घरी ठेवून या.