कुकरवरचा हिरवा टॅग

माझं आजवर जे काही बरं झालं, त्यात सगळ्यात मोठा वाटा काकांचा. ते माझे सख्खे काका नव्हेत. कतारमध्ये, दोहाच्या अल सद्द भागात कंपनीच्या फ्लॅटमध्ये माझे जोडीदार, स्टेडियमच्या साइटवर माझे वरिष्ठ सेफ्टी ऑफिसर आणि मूळचे नाशिकचे. भुताला न घाबरणारी माणसं मी आमच्या जिंतूरलाही पाहिली होती. पण भुताच्या सिनेमात अपघाताचा चौकशी अधिकारी होऊन बसणारा माणूस पृथ्वीवर हा एकच.

काकांची नजर कायम धोका शोधत फिरायची. हॉटेलात शिरले की ते मेनूकार्डाआधी बाहेर पडायचा दरवाजा बघत, आणि तो टेबलापासून लांब असेल तर आम्ही टेबल बदलत असू. मॉलमध्ये जिना उतरताना अनोळखी माणसांना सांगत, "कठडा धरा, फुकट आहे." अबू हमूरला एका घरी गणपतीच्या आरतीला गेलो होतो. 'सुखकर्ता' रंगात आलेलं असताना काकांनी पुढे होऊन निरांजनाचं ताम्हन पडद्यापासून हातभर लांब सरकवलं. यजमान म्हणाले, "काका, देव बघतोय." काका टाळ्या न थांबवता म्हणाले, "देव बघतोय हो, पण पडदा बघत नाहीये." काकू नाशिकहून फोन करायच्या तेव्हा काकांचा पहिला प्रश्न 'जेवलीस का' नसे, 'गॅस बंद केलास का' असे. काकूंचंही उत्तर ठरलेलं होतं. "तुम्ही गेलात तेव्हापासून पेटवलाच नाही."

अशा माणसाला छंद कशाचा असावा, तर कोरियन भुतांच्या सिनेमांचा. तरुणपणी मेसईदला एका कोरियन कंत्राटदाराच्या हाताखाली त्यांनी काम केलं होतं. "कोरियन माणूस साइटवर नियम मोडत नाही," ते सांगत, "फक्त सिनेमात मोडतो. म्हणून बघायचे." शुक्रवारी सुट्टी. दुपारी जेवण झालं की खोलीतले सगळे दिवे लागत, मला शेजारी बसवलं जाई आणि खालच्या इंग्रजी ओळी काका मराठी करून मोठ्याने वाचत. पडद्यावर बाई किंचाळतेय आणि काका शांतपणे वाचतायत, "ती म्हणते, माझ्या मागे कोण आहे." सगळी भीती तिथेच सांडून जायची.

त्यातलाच एक सिनेमा भाताच्या इलेक्ट्रिक कुकरचा. एका घरातली सून त्या कुकरच्या झटक्याने मरते आणि त्यातच राहते. प्लग काढलेला असतानाही कुकर वाफ सोडतो, भातात लांब केस निघतात. घरचे घाबरतात आणि कुकर मोलकरणीला देऊन टाकतात. मोलकरीण शेजारणीला, शेजारीण जुन्या बाजारात, आणि शेवटी तो एकट्या राहणाऱ्या एका विद्यार्थिनीच्या टेबलावर येतो. तिने बटण दाबायला बोट पुढे केलं आणि काकांनी सिनेमा थांबवला.

"बोल, चूक कोणाची?"

"भुताची," मी म्हणालो.

"भूत आपली ड्यूटी करतंय. तू चूक सांग."

"वायर खराब होती."

"वायर खराब होणारच. अरे, पहिल्या घराला माहीत होतं ना? कुकर दिला, पण का दिला ते सांगितलं का? इथून तिथून सगळ्यांनी वस्तू पुढे ढकलली आणि तोंड बंद ठेवलं."

सिनेमा संपल्यावर काकांनी आमच्या स्वतःच्या कुकरवर लाल टॅग बांधला, म्हणजे तपासेपर्यंत वापर बंद. मी वायर, प्लग, झाकण तपासलं, त्यांनी पुन्हा बघितलं, मग हिरवा टॅग लागला. त्यावर दोन जागा होत्या, 'तपासणारा' आणि 'मंजूर करणारा'. स्वतःच तपासून स्वतःच मंजूर करायचं नाही, हा काकांचा कायदा. ते रजेवर गेले की दर महिन्याचा हा टॅग अडकायचा आणि कुकर बंद राहायचा.

त्या दिवसांत माझी नोकरी डळमळत होती. फुटबॉलचा वर्ल्ड कप जवळ येत होता, साइटवर रोज नवी माणसं येत होती, आणि सकाळी काम सुरू होण्याआधी त्यांना सुरक्षेच्या चार गोष्टी सांगणं हे माझं काम होतं. आमच्या घरात पदवी घेणारा मी पहिला. पदवीला शोभेल असं बोलायचं म्हणून मी कागद लिहून नेत असे आणि माणसं माझा कागद संपेपर्यंत आपले बूट बघत. प्रोबेशन संपत आलं तेव्हा मॅनेजरने बोलावून सांगितलं, तुझं कोणी ऐकत नसेल तर तुला घरी पाठवावं लागेल. मी ते काकांना सांगितलं. त्यांनी धीर वगैरे दिला नाही. म्हणाले, "उद्या कागद ठेव घरी. कुकर घेऊन जा."

मी कुकरची गोष्ट सांगितली. साध्या हिंदीत, केसांसकट. बूट बघणारं कोणी उरलं नाही. शेवटी काकांचाच प्रश्न टाकला, गलती किसकी? मागून कोणी तरी म्हणालं, "पहले घरवाले की." एक बिहारी फिटर दुसऱ्याकडे बघत होता. "बोल दे ना," दुसरा पुटपुटला.

"साब, एक ड्रिल मशीन है अपने पास भी. काला धागा बांधा है."

ते मशीन झटके देत असे. सगळ्यांना माहीत होतं. ज्याला झटका बसे तो ते मनहूस म्हणून पुढच्याला देई, आणि पुढचा म्हणजे नेहमी नवा आलेला माणूस. त्या सकाळी ते एका नेपाळी माणसाच्या हातात जायचं होतं. मी लाल टॅग लावला. इलेक्ट्रिशियनने उघडलं तर आत वायरचं आवरण घासून तांबं उघडं पडलं होतं आणि ते मशीनच्या धातूला टेकत होतं.

माझी नोकरी पक्की झाली. धावत जाऊन काकांना सांगितलं, तर त्यांनी विचारलं, "धाग्याचा फोटो काढलास?"

"नाही."

"मग भुताचा पुरावा काय?" आणि पहिल्यांदाच त्यांनी मला स्वतःच्या हाताने चहा करून दिला. कपाचा कान माझ्या बाजूला करून पुढे केला.

स्टेडियम पूर्ण झालं आणि त्यासोबत काकांचं कंत्राट खलास. एकही सामना न बघता ते नाशिकला गेले. फोनवर आम्ही बोलतो, पण तोंडी सांगितलेलं सांगितलेलं नसतं, असं त्यांनीच शिकवलं होतं. म्हणून मी पत्र लिहिलं.

ती. काकांस सा. न.

आपल्या स्टेडियमवर काल वर्ल्ड कपच्या आधीचा चाचणी सामना झाला. मला अगदी वरची जागा मिळाली. गोल झाल्यावर सगळे उड्या मारत होते तेव्हा मी कठडा बघत होतो. हलला नाही. सुटल्यावर तुमच्या जिन्यावरून एवढी माणसं उतरली, पण कोणी कठडा धरत नाही हो. दोघांना सांगितलं. एक हसला, दुसरा 'यल्ला, यल्ला' करत मलाच पुढे चला म्हणाला.

तुमच्या खोलीत कोल्हापूरचा एक इंजिनियर आला आहे. त्याला शुक्रवारी कुकरचा सिनेमा दाखवला, सगळे दिवे लावून. तो म्हणतो चूक भुताची. वेळ लागेल.

आपला कुकर या महिन्यात तपासला. वायर, प्लग, झाकण ठीक. 'तपासणारा' समोर माझी सही आहे. तो इंजिनियर म्हणाला, दुसरी मी करतो. मी नको म्हणालो. त्यामुळे सध्या भात पातेल्यात लावतो आणि तो रोज खाली लागतो.

ती जागा रिकामी ठेवली आहे. सही करायला कधी येता?