अकरा फुटांचा उतार

गेल्या वर्षी फेब्रुवारीच्या दुसऱ्या रविवारी सकाळी अकरा वाजता आमच्या सोसायटीच्या सभेत फ्लॅटमागे पंचाऐंशी हजार रुपये वर्गणी ठरली. सोळापैकी चौदा सभासद हजर होते. तळमजल्यावरचा मी एकटाच. विषय एकच होता: बोरिवलीच्या खाडीकडचं आमचं आवार भराव घालून अडीच फूट उंच करणं.

त्याच्या महिनाभर आधी पालिकेच्या सभागृहात शहराचा लांब पल्ल्याचा आराखडा दाखवला होता. समुद्र चढत जाणार, शहराने त्याच्याशी कसं जुळवून घ्यायचं, हे सगळं पडद्यावर होतं. तिवरांचे पट्टे, पाणी साठायला मोकळ्या जागा आणि खाडीलगतच्या इमारतींचे रिकामे तळमजले. नकाशात आमची गल्ली फिकट निळी होती. चित्रातल्या रिकाम्या तळमजल्यात सायकली लावल्या होत्या. आमच्या तळमजल्यात मी, बायको आणि एक्क्याऐंशी वर्षांची आई राहतो.

सभेत सेक्रेटरी म्हणाला, "पालिका करेल तेव्हा करेल. शेजारच्या दोन्ही सोसायट्यांनी भराव घातलाय. त्यांचं पाणी आपल्याकडे येतंय. तू तळमजल्याचा, तूच बोल ना आधी."

मी घरी हिशोब करून गेलो होतो. भराव नाही घातला तर मोठ्या भरतीला पाऊस आला की पाणी घरात. घातला तर आमची फरशी आवारापेक्षा अडीच फूट खाली. आधीच्या एका भरावाने जोतं आवाराच्या पातळीला आलेलंच होतं. वर जावं तर इमारतीला लिफ्ट नाही आणि आई वॉकरवर चालते. मी भरावाच्या बाजूने हात वर केला.

काम सुरू झालं तेव्हा आईला मुलुंडला माझ्या बहिणीकडे सोडलं. आतली फरशी अडीच फूट उचलता येत नव्हती. तुळईखाली आठ फूट होते, अडीच गेले की साडेपाच. माझी उंची पाच फूट आठ इंच. म्हणून दीड फूट उचलायची ठरली. उरला दारातला एक फूट. तिथे दोन पायऱ्या बसत होत्या; पण आईला एक पायरीही चढता येत नाही. पायऱ्या केल्या तर ती घरात येणार उचलून आणि नंतर बाहेर पडणार नाही. रोज संध्याकाळी पाचला आवारातल्या बदामाखालच्या बाकावर बसायचं, एवढंच तिचं बाहेर जाणं.

उतार करायचा तर वॉकरला एका फुटाला बारा फूट लांबी हवी. बाहेरून काढला तर त्यावरूनच पाणी आत येणार. आत हॉल अकरा फूट. मी आईला फोनवर सांगितलं.

"सगळो हॉल घे," आई म्हणाली. "कोण येता बसाक?"

"सगळा घेतला तरी एक फूट कमी पडतो, आई."

"मगे उरलेलो रांधपाच्या खोलीत घे."

बायकोला ऐकू गेलं. "म्हणजे मी गॅससमोर तिरकी उभी राहू? एक पाय आखूड करून घेते आधी, मग घाला उतार."

शेवटी फरशी एकोणीस इंच उचलली. उतार अकरा इंचांचा झाला आणि अकरा फुटांत बसला. सोफा विकला. छताचे पंखे काढले, भिंतीवरचे लावले. वडिलांनी बसवलेल्या लाद्या भरावाखाली गेल्या. त्या दिवशी मी ऑफिसला गेलो होतो, नेहमीसारखा परत आलो. सेक्रेटरीने सांगितलं, भराव पंधराएक वर्षं पुरेल. त्यानंतर पुन्हा फरशी उचलायला उंची उरत नाही, ती बेरीजही मी केली आहे. आमच्यापुरता आराखडा तेव्हा पूर्ण होईल.

आई मे महिन्यात परत आली. पाच वाजता कठडा धरून उतार चढली, दारात थांबली आणि आवारात पाहिलं.

"बाक खंय?"

"खाली."

"खाली खंय?"

सिमेंटचा बाक दीड फूट उंच, भराव अडीच फूट. सभेला चौदा जण होते आणि अंदाजपत्रकाची प्रत माझ्याकडे होती. बाक कोणाच्याच ध्यानात आला नव्हता, माझ्याही नाही. मी घरातून प्लास्टिकची खुर्ची आणली. बदामाचा बुंधा आखूड झाला होता. उभ्या आईच्या डोक्याला खालच्या फांदीची पानं लागत होती. ती खुर्चीत बसली आणि पायाखालचे पेव्हर ब्लॉक बघत राहिली.

सेक्रेटरी गेटवर होता. मी विचारलं, तर म्हणाला, "वर्गणी संपली रे. बाक त्यात धरलाच नव्हता. पुढच्या सभेत घेऊ."

"पुढच्या सभेत मी असान?" आईने विचारलं. तो फोन बघू लागला.

वर्गणीचे पंचाऐंशी हजार सोसायटीला दिले, फरशी आणि उताराचे एक लाख बेचाळीस हजार गवंड्याला. जूनमध्ये आईच्या पासबुकातून, तिच्याच सांगण्यावरून, पाच हजार चारशे रुपये सोसायटीच्या खात्यात भरले. नवीन बाकासाठी.