मुलाखतीतला पोंगा

मेसमध्ये आज केळीच्या पानावर जेवण वाढलं आणि त्या हिरव्या, तुरट वासाने मला थेट फैजपूरच्या शेतात नेऊन बसवलं. अवकाश अभियांत्रिकीच्या पीएचडीसाठी माझी ऑनलाइन मुलाखत होती, जागा एकच, आणि मोबाइलला रेंज फक्त आमच्या केळीच्या बागेत. ऊन असं की लॅपटॉपच्या पाठीवर पापड भाजून निघाला असता. पॅनेलवरच्या मराठी सरांनी विचारलं, "गुंडाळून पाठवलेला अँटेना अवकाशात अर्धाच उलगडला, तर काय कराल?" माझं इंग्रजी पळालंच, मराठीही त्याच्या मागे गेलं, आणि तोंडातून निघालं, "पोंगा." मग मी कॅमेरा वळवून केळीच्या शेंड्यातून सुरळी होऊन निघणारं कोवळं पान दाखवलं. तेवढ्यात शेजारच्या ओळीत काम करणारे माझे वडील, आबा, विळ्यासकट स्क्रीनवर आले. "साहेब, पोंगा अडकला त शेंडा नका वढू, फाटते. बुडाशी काय अडलं ते पाहा." सरांनी पुढचे प्रश्न आबांनाच विचारले, माझ्या हिशेबाने चार तास, आईच्या मते दहा मिनिटं. आबांचा मुद्दा उचलून मी बुडाकडच्या ताणाचं गणित मांडलं, आणि पंधरा दिवसांत निवडीचं पत्र आलं. आता माझं तिसरं वर्ष चालू आहे, आणि आबा गावभर सांगत फिरतात, "जागा मलेच भेटली होती, पन केळी सोडून जाऊ कसा? म्हनून पोरीले धाडलं."