बोरगावचे तीन भाऊ आणि माझं तर्कशास्त्र

बेळगावहून निघालो तेव्हा माझी भाची कुसू दारात येऊन एवढंच म्हणाली, “मामा, माणूस काळा असो, गरीब असो, पण खोटारडा नको.” मागचं स्थळ मॅट्रिक पास म्हणून आलं होतं आणि सहीची वेळ आल्यावर त्याने अंगठा पुढे केला होता. पोरीने त्याचा धसकाच घेतला. आईबापाविना माझ्याच घरी वाढलेली. तिला खरं बोलणारा नवरा शोधून देणं माझ्यावर आलं. म्हटलं, तर्कशास्त्र शिकलेल्या माणसाला यात काय अवघड?

लढाईमुळे पेट्रोल मिळत नव्हतं. सर्व्हिस मोटार कोळशाच्या गॅसवर चालायची, म्हणजे बहुतेक थांबायचीच. काकती गाव मागे पडलं नि पहिल्याच चढावर मोटारीने मान टाकली. आम्ही उतारूंनी ती ढकलली. माझ्या पांढऱ्याशुभ्र धोतराची जी अवस्था झाली ती सांगत नाही.

शेजारी बोरगावचे एक तंबाखूचे व्यापारी होते. मी कुणाकडे निघालोय ते ऐकून ते खो खो हसले.

“मळ्यातल्या तिघा भावांकडं? अवो, त्यातला एक कायम खरं बोलतो, एक कायम उलटं. आन् एकाचा नेमच न्हाय, तोंडाला येईल ते बोलतो.”

“कोणता कोण?”

“ते सांगितलं तर मजा काय ऱ्हायली?” म्हणत त्यांनी चंची (पानतंबाखूची पिशवी) उघडली.

आता आली का पंचाईत! त्या भावांच्या आईचा निरोप होता की तिघंही लग्नाचे आहेत, पटेल तो निवडा.

निपाणीहून पुढे बैलगाडी. दोन्ही बाजूंनी तंबाखूची शेतं, मधूनच ऊस. वासाने शिंकून शिंकून मी बेजार. मळ्यात पोचलो तर दिवस कलला होता. आम्ही जैन, सूर्य मावळायच्या आत जेवणार. त्यामुळे त्या माउलीने लगेच ताट वाढलं. भाकरी, मुगाची उसळ, शेंगांची चटणी, घट्ट दही. अहाहा!

तिघे भाऊ समोर बसले. माझ्या डोक्यात वीज चमकली.

“काय हो, दिवस मावळला का?” मी विचारलं.

“न्हाय अजून,” थोरला म्हणाला.

“कवाच मावळला की!” मधला म्हणाला. माझ्या हातातला घास गळून पडला. दारातून पाहिलं तर सूर्य चांगला कासराभर वर होता.

“न्हाय मावळला,” धाकटा म्हणाला, मग विचार करून, “मावळला असंल बगा.”

सुटलं कोडं! थोरला खरा, मधला उलटा, धाकटा बेभरवशाचा. मी स्वतःवरच खूश होऊन आणखी एक भाकरी मागितली.

निपाणीच्या पंचकल्याणकात (मूर्तिप्रतिष्ठेच्या उत्सवात) तिघांनीही कुसूला पाहिलं होतं. मी थोरल्याला विचारलं, “कशी वाटली आमची पोरगी?”

“चांगली हाय. पर मला नको. माजं मन दुसरीकडं बसलंय.”

खरं बोलला, काय करणार! धाकटा म्हणाला, “करतो की लगीन.” आणि लगेच, “नको, म्हस घेतो.”

इतक्यात मधला उठला. कान लालबुंद. “मला इचारा की! आवाज कावळ्यागत, डोळं बटाट्यागत! त्या दिवसापास्नं मला झोप लई झकास लागती. असली पोरगी ह्या घरात आली तर मी घर सोडून जाईन!”

माझं टाळकंच सरकलं. माझ्या कुसूला असं बोलतो? आंचवलो, टोपी घातली आणि “पुन्हा तुमची पायरी चढणार नाही” असं ठणकावून बाहेर पडलो. आई बिचारी मागून हाका मारत राहिली.

बेळगावला येऊन सगळं कुसूला सांगितलं. संतापाने माझा आवाज चिरकत होता.

“कावळ्यासारखा म्हणाले?”

“अगं, म्हणाला!”

“आणि झोप... झकास लागते?”

“हो! निर्लज्ज मेला!”

तिने भिंतीकडे तोंड फिरवलं. खांदे हलायला लागले. “रडू नको बाळ,” म्हटलं, “दुसरं बघू.”

वळली तर काय, हसून हसून डोळ्यांत पाणी. “मामा, मधला कायम उलटं बोलतो, हे तुम्हीच शोधून काढलंत ना?”

मी मधल्याचं एकेक वाक्य मनात उलटं करून पाहिलं.

“अगं, पण तुला खोटारडा नको होता!”

“खोटारड्याचं खरं कधी ते कळत नाही. यांचं कळतं की,” ती म्हणाली आणि लाजून आत पळाली.

प्रवासाने माणूस शहाणा होतो म्हणतात. बोरगावला जाऊन आलो मी. शहाणी निघाली ती घरी बसलेली.