शापित राजकन्या आणि पटकीची सुई

माझ्यामुळे एक अख्खं गाव पटकीच्या तोंडी जाता जाता राहिलं. माझा हेतू वाईट नव्हता. मी फक्त एका राजकन्येची लोकांना ओळख करून देत होते.

गोष्ट सत्तरच्या दशकातली. लग्न होऊन मी परभणीहून ताडकळसजवळच्या एका खेड्यात नांदायला आले होते. आमचे हे त्याच गावचे, आणि आरोग्य खात्यात लस टोचायच्या नोकरीवर. लोक तोंडावर त्यांना 'गौतम डाक्टर' म्हणत आणि पाठ वळली की 'सुईवाला'. काळी पेटी घेऊन हे गल्लीत शिरले की पोरं कणगीत लपत आणि मोठी माणसं पोरांना शोधायच्या निमित्तानं कणगीत शिरत.

घरात आम्ही चौघं. हे, मी, मामा आणि आत्या. (आमच्याकडे सासऱ्यांना मामा आणि सासूला आत्या म्हणतात.) मी मॅट्रिक पास. इंग्रजीत अगदी काठावर, पण ते सासरी सांगायची वेळ आली नाही आणि मीही ती येऊ दिली नाही. मामांना माझा भारी अभिमान. चावडीसमोर कुणी 'जय भीम' म्हणून थांबला की मामा त्याला खाली बसवून घेत आणि म्हणत, "आमच्या सूनबाई इंग्रजी पेपर उलटा धरला तरी वाचत्यात!" उलटा धरला तर वाचला असता कदाचित. सुलटा वाचणं मला जड जायचं.

त्या उन्हाळ्यात नदी आटली होती आणि गावं वाळूत झिरे खोदून पाणी पीत होती. वरच्या अंगाच्या गावात पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची, साथ आली. ह्यांनी धावपळ करून आमच्या गावात लस टोचायचा दिवस ठरवला, आणि लोक जमावेत म्हणून आदल्या संध्याकाळी सरकारी सिनेमाची गाडी बोलावली. सकाळी मोठे साहेब स्वतः जीपमधून पाहायला येणार होते. गावात कुणी टोचून घेतलं नाही तर ह्यांची बदली थेट किनवटच्या जंगलात होणार, असं खात्यातल्या लोकांनी आधीच सांगून ठेवलं होतं.

शाळेपुढं पडदा लागला. सगळं गाव पोतं-घोंगडी घेऊन हजर! चित्र होतं माशीचं. ती घाणीवरून उडाली, भाकरीवर बसली आणि तिथंच फिल्म तुटली. मशीनवाल्यानं जोडली, पुन्हा तुटली.

"दुसरं काही हाय का?" ह्यांनी विचारलं.

"एक विलायती हाय. हातानं काढलेली हलती चित्रं हायेत, राजकन्या-बिजकन्या. डब्यात कुणी टाकलं मालूम न्हाई. पण भाषा समजत न्हाई."

हे ऐकताच मामा उठून उभे राहिले. "भाषेची फिकीर तुमी करू नका! आमच्या सूनबाई सांगतील."

मी ह्यांच्या कानाशी लागले, "अहो, मला नाही जमायचं."

"चार शब्द बोल अन् मोकळी हो. माणसं थांबली पायजेत. शेवटी उठून मी उद्याचं सांगतो."

माझ्या हातात भोंग्याचा माईक आला आणि चित्र सुरू झालं. पहिल्याच वाक्याला मला कळलं की ही इंग्रजी नाहीच. न समजणारी इंग्रजी मी शाळेत काही वर्षं ऐकली होती, तिचा आवाज माझ्या ओळखीचा होता. हा आवाज वेगळाच होता! पण समोर मामा ताठ बसले होते. मी घसा साफ केला.

"एक होता राजा," मी म्हणाले. दाढीवाला एक जाडा माणूस पडद्यावर आला होता. तो लगेच चुलीपाशी जाऊन डाव हलवायला लागला.

"राजा सैपाक करायलाय व्हय?" अंधारातून आवाज आला.

"त्याला हौस आहे," मी म्हणाले.

मग डोक्यावर मुकुट घातलेला खरा राजा आला. त्याला मी पहिल्या राजाचा भाऊ केलं. एक उंच, सडपातळ बाई पाळण्याजवळ आली. मी म्हटलं, "ही राजकन्येची आई." त्या आईनं दोन्ही हात वर केले, डोळे गरागरा फिरवले आणि पाळण्यातल्या लेकराला सरळ शाप दिला!

"आगं माय! सख्ख्या लेकराला?" बायका हळहळल्या.

"आई सावत्र आहे," मी घाईघाईनं म्हणाले. "आणि चेटकीण पण आहे." मग पुढचा कोणी विचारायच्या आत सांगून टाकलं, "राजाला माहीत नव्हतं."

एवढ्यावर निभावलं असतं. पण राजकन्या मोठी झाली आणि ती चेटकीण म्हातारीचं सोंग घेऊन तिच्याकडे आली. तिच्या हातात एक काळी पेटी होती. पेटीतून तिनं काहीतरी लांब, टोकदार काढलं. ते काय होतं मला आजही माहीत नाही.

"हातात काय हाय गं तिच्या?" काशीबाई ओरडून म्हणाली. काशीबाई म्हणजे आमची शेजारीण, तिला सगळं सगळ्यांच्या आधी कळावं लागायचं.

"सुई!" मी म्हणाले.

"गौतमची पेटी बी तशीच हाय की!" कुणीतरी म्हणालं. सगळे हसले. मीही हसले, तेही माईकवर. हसले नाहीत ते फक्त आमचे हे.

आता मला रंग चढला होता. लोक माझ्या एकेका शब्दावर डोलत होते! "म्हातारी गोड बोलते," मी आवाज खोल नेत म्हणाले, "बाळा, हात दे. काही होत नाही, मुंगी चावल्यासारखं वाटेल!" (हे वाक्य ह्यांचं. रोज घरी सराव करायचे.) "आणि टोचली सुई! पडली राजकन्या! राजा झोपला, राजाचा भाऊ झोपला, मांजर झोपलं."

"किती दिस?"

"शंभर वर्षं!"

ह्यांनी कपाळाला हात लावला होता, तो मला माझ्या वक्तृत्वाचा परिणाम वाटला.

शेवटी राजपुत्र आला. तो झोपलेल्या राजकन्येवर वाकला. आणखी वाकला. समोर सासरे, शेजारी सासू, मागे सगळं गाव!

"राजपुत्र तिच्या... तिच्या कानात सांगतोय!" मी ओरडले. पडद्यावर कान एकीकडे होता आणि राजपुत्र भलतीकडे, पण मी डोळे मिटून घेतले होते.

"काय सांगायलाय?"

"ते त्याचं त्याला माहीत! पण राजकन्या उठली! संपलं!"

मग हे पडद्यापुढं आले आणि म्हणाले, "तर मंडळी, उद्या सकाळी सगळ्यांनी सुई टोचून घ्यायला यायचं."

मैदान इतक्या लवकर रिकामं झालेलं त्या शाळेनं कधी पाहिलं नसेल. एकजण तर घोंगडी विसरून गेला.

सकाळी शाळेपुढच्या कडुलिंबाखाली ह्यांनी टेबल मांडलं, स्टोव्ह पेटवला, सुया उकळल्या. पुन्हा उकळल्या. ऊन टेबलावर आलं तरी फक्त एक आजोबा येऊन टोचून गेले. ते ठार बहिरे होते.

हे माझ्यावर ओरडले असते तर बरं झालं असतं. ते नुसते म्हणाले, "वरच्या गावात दोन माणसं गेली, सुमन. आपण पाणी त्याच नदीचं पितो."

बदलीचा तर त्यांनी शब्दही काढला नाही. मला उभ्या उभ्या रडू यायला लागलं. मी पदर खोचला आणि दारोदार निघाले.

पहिलं दार काशीबाईचं. "सूनबाई, माझी म्हैस आज-उद्या व्यायची हाय," ती दार किलकिलं करून म्हणाली. "मी शंभर वर्षं निजले तर तिचं कोण बघंल?"

"काशीबाई, ती गोष्ट होती. ही सुई पटकी येऊ नये म्हणून आहे. काही होत नाही, मुंगी चावल्यासारखं..."

"बघ बघ! ती चेटकीण बी असंच म्हणली होती!" आणि दार लागलं.

दुसऱ्या दारात एक म्हातारबुवा भेटले. त्यांना मी म्हटलं, "काका, काल मी सांगितलं ते खरं नव्हतं."

"मंग भोंग्यावर खोटं बोललीस?"

"मला ती भाषाच येत नव्हती!"

"मॅट्रिक झालीस अन् भाषा येत न्हाई?"

"नाही येत! इंग्रजी पण धड येत नाही!"

हे मी चांगलं मोठ्यानं म्हणाले आणि मागे वळले तर मामा उभे. काठीवर दोन्ही हात ठेवून ते माझ्याकडे बघत होते. धरणी पोटात घेईल तर बरं, असं मला झालं.

"काहीच समजत नव्हतं?" मामांनी विचारलं.

"नाही, मामा."

"मंग एवढा येळ काय बोललीस?"

"चित्रात दिसलं ते."

मामांनी काठी काखेत मारली. "लय चांगलं बोललीस," ते म्हणाले आणि म्हातारबुवांकडे वळले. "ऐकलं का? आमच्या सुनेला काही येत न्हाई! चला टोचून घ्यायला!"

मामांनी इज्जत पणाला लावली, पण उपयोग शून्य. नवऱ्याची नोकरी वाचवायला ही पोरगी अडाणी व्हायलीय, असं गावानं ठरवून टाकलं.

शेवटी आत्या उठल्या. आत्या म्हणजे कमी बोलणारी बाई. पहाटे कोंबड्याआधी उठायच्या, झिऱ्यावर तास तास बसून वाटीवाटीनं घागर भरायच्या, दळण, सरपण, शेण, सगळं करायच्या. हात धुऊन त्या लिंबाखाली आल्या, बाजेवर बसल्या आणि ह्यांना म्हणाल्या, "मला टोच. सगळ्यांना बघू दे."

बातमी पसरली. दारं उघडली, माणसं जमली, पण सगळी चार हात लांब. ह्यांनी सुई टोचली. आत्यांनी पापणीही हलवली नाही. "बघा!" मी विजयानं ओरडले. "काही झालं का?"

आत्यांनी लिंबाच्या गार सावलीत पाय वर घेतले, उशाला हात घेतला आणि गाढ झोपी गेल्या.

जो गलका उठला, तो ताडकळसपर्यंत गेला असेल! "झोपली! झोपली वो माय!" लोक मागे पळाले, आणि नेमकी त्याच वेळी धुरळा उडवत साहेबांची जीप आली.

"काय झालं?" साहेबांनी विचारलं.

"साहेब, शंभर वर्षं!" काशीबाई ऊर बडवून म्हणाली.

ह्यांनी आईची नाडी बघितली. "काही झालेलं नाही. ती फक्त झोपलीय."

"तेच तर आमी म्हणायलाव!" सगळं गाव एका आवाजात ओरडलं.

मी आत्यांना हलवलं. आत्या घोरायला लागल्या. साहेब जीपमध्ये परत बसावं की काय, या विचारात दिसले. इतक्यात कुणाच्या तरी डोक्यात आलं, "कानात सांगा! राजपुत्र कुठं हाय? गौतमच्या बापाला बोलवा!"

मामांना पुढं ढकललं. तीस वर्षांच्या संसारात ते चारचौघांत बायकोशी एक शब्द बोललेले नव्हते. ते लाजले, घाबरले, माझ्याकडे बघून म्हणाले, "काय सांगायचं असतं?"

"मला नाही माहीत, मामा!"

मामा वाकले. गाव पुढं सरकलं. मामांनी आत्यांच्या कानाशी तोंड नेलं आणि त्यांना जे सुचलं ते सांगितलं. हळू बोलायची सवय नसल्यानं ते सगळ्यांना ऐकू गेलं.

"बैल सुटला!"

आत्या ताडकन उठून बसल्या. "कोणत्या अंगानं गेला?"

गाव हसायचं थांबेना. आत्यांना आधी काही कळेना, मग कळल्यावर त्या चिडल्या. "कामून उठवलं वो मला? किती वर्षांनी भरदिसा डोळा लागला होता!"

हे वाक्य बायकांनी ऐकलं. त्या एकमेकींकडे बघायला लागल्या. आत्यांचा ताजातवाना चेहरा सगळ्यांसमोर होता. मग काशीबाई पुढं आली आणि बाही वर करून ह्यांना म्हणाली, "गौतमभाऊ, टोच मला. पण पार शंभर वर्षं नगं. दिवेलागणीपर्यंत पुरं."

तिच्यामागे दुसरी, तिच्यामागे तिसरी. बघता बघता बायकांची रांग शाळेला वळसा घालून गेली! सगळ्या बायका निजल्या तर भाकरी कोण थापणार, या धास्तीनं पुरुष थोडा वेळ तळमळले आणि मग झोपायचंच तर आपणही झोपू म्हणून रांगेत उभे राहिले. ज्यांना झोप आली नाही त्या दोघी-तिघी परत येऊन 'दुसरी, जास्त गुणाची सुई' मागत होत्या.

साहेब भलतेच खूश झाले. "वहिनी, लोकांचं मन कसं वळवलंत? पुढच्या गावातही या तुम्ही!" मग ते हसून म्हणाले, "बरं, तुमचं झालं का टोचून?"

सगळं गाव माझ्याकडे बघत होतं. मी ऐटीत टेबलाशी गेले, बाही सरकवली, हात पुढं केला. ह्यांनी उकळत्या पाण्यातून सुई काढली. लग्न झाल्यापासून मी ती सुई इतक्या जवळून कधीच पाहिली नव्हती.

डोळे उघडले तेव्हा मी बाजेवर आडवी होते. काशीबाई सुपानं वारा घालत होती आणि रांगेतले लोक मोठ्या कौतुकानं म्हणत होते, "हिला तर झोप लय लवकर लागली!" मी उठून बसले, पदर सावरला आणि साहेबांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "बघा, मला काहीसुद्धा दुखलं नाही!"

"दुखंल कसं?" हे म्हणाले. सुई अजून त्यांच्या हातातच होती. "टोचायची राहिलीय अजून."