तिग्नाफेस

स्पिरिदोन गाडीवान जन्मभर वाऱ्याच्या झोताला घाबरला. त्यात नवल काही नव्हतं. रझेल्म तळ्याकाठच्या त्या गावात झोत लागला की माणूस आजारी पडतो असं सगळेच मानत, आणि समोरासमोरच्या दोन खिडक्या उघड्या ठेवणाऱ्याला वेड्यात काढत. म्हणून त्याची घोडी मुर्गा खोकू लागली, तेव्हा त्यानं तबेल्याची फट न् फट लोकरीनं बुजवली, तिच्या पाठीवर घोंगडी घातली आणि कोरड्या गवताचा ढीग पुढ्यात टाकला. घोडीच्या बरगड्या मात्र भात्यासारख्या हलतच राहिल्या.

"तिग्नाफेस," घोड्यांचा व्यापारी कोस्ताके दारातूनच म्हणाला. "आता ही खाटकाचीच. रविवारी न्यायला येतो."

स्पिरिदोननं मुर्गाच्या मानेवरून हात फिरवला. बायको पारास्किवा गेल्यापासून त्या घरी त्याच्याशिवाय श्वास घेणारी ती एकटीच होती.

सकाळी तो कुंपणापाशी गेला. पलीकडे तातार म्हातारी साब्रिये जर्दाळू निवडत होती. धुकं इतकं दाट, की म्हातारी आणि जर्दाळू दोन्ही पाण्यावर तरंगल्यासारखी दिसत होती.

"मावशी, तिग्नाफेस म्हणजे मरणच ना?"

"कोण म्हणतं? शब्द आमचा आहे बाबा, तुर्कांच्या घोड्यांबरोबर इथं आला. नेफेस म्हणजे श्वास. कोंडलेला श्वास, एवढंच. मरण तुम्ही लोकांनी मागनं चिकटवलंत."

"मग करू काय?"

"कोंडलंय ते मोकळं कर. माझा बाप असल्या घोड्याला उघड्यावर बांधायचा, गवत भिजवून घालायचा. तू तर तिला उशीत शिवून ठेवलीयस."

तो हसला आणि हसता हसता थांबला. आपल्या शेवटच्या हिवाळ्यात पारास्किवा धापा टाकत म्हणायची, "स्पिरू, जरा खिडकी उघड ना." आणि तो मायेनं रजई तिच्या हनुवटीपर्यंत ओढायचा. "वारा लागेल गं."

त्यानं मुर्गाला तळ्याकाठी वाळुंजाखाली बांधलं. गवत पाण्यात बुडवून तिला घातलं. रविवारी कोस्ताके आला तेव्हा ती धुक्यात डोळे मिटून उभी होती. बरगड्या संथ झाल्या होत्या.

"अजून खोकतेय की."

"खोकू दे. विकायची नाही."

"म्हातारा खुळावला," असं पुटपुटत कोस्ताके रिकाम्या हातानं परतला.

स्पिरिदोन घरात आला. पारास्किवाच्या खोलीची खिडकी रंगानं चिकटून बसली होती. त्यानं सुरीनं ती सोडवली. मग समोरचीही उघडली. तळ्यावरचा वारा आत आला, पडदा हलला, रिकाम्या पलंगावरची चादर जरा फुगली.

"उघडली गं," तो म्हणाला, आणि पलंगाच्या कडेला बसून रडला.